ट्रान्स हार्बर लोकलमध्ये जर्मन इलेक्ट्रॉनिक कसं ऐकायचं

आधी एक सांगतो, हे म्युझिक मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, बेसच येत नाही मग मजा काय घंटा. ठाण्याहून पनवेल लोकल पकडा, खिडकी मिळाली तर भारीच, आणि नॉय या बँडचं १९७२ चं 'हालोगालो' लावा. दहा मिनिटं ड्रमर क्लाउस डिंगरचा तोच चार मात्रांचा सरळ ठेका, तिहाई नाही की काही नाही, पहिली दोन-तीन मिनिटं बोअर होईल, होऊ द्या, स्किप करू नका. ऐरोलीच्या आसपास पाय आपोआप हलायला लागतो, समोरचे काका बघतात, बघू देत.

मग गिटारिस्ट मॅन्युएल ग्योचिंगचं 'ई टू - ई फोर'. १९८१ मध्ये एका बैठकीत रेकॉर्ड केलेलं, जवळजवळ तासभर दोनच कॉर्ड, अर्ध्यात गिटार येते. टेक्नोवाल्यांनी इथूनच उचललंय बरंच.

हे पचलं की नवीन लोकांकडे या. बँडांमध्ये माऊस ऑन मार्स जरा वेडेवाकडे आहेत, क्राइडलर सोपे. माझं फेव्हरेट म्हणाल तर बर्न्ट फ्रीडमन, त्याने कॅन या जुन्या जर्मन बँडच्या ड्रमरला, याकी लीबेत्साइटला सोबत घेऊन 'सीक्रेट ऱ्हिदम्स' केलं, त्यात पाच-सात मात्रांचे ठेके आहेत, झपताल-रूपक ऐकलेल्या माणसाला लगेच घरचं वाटतं. मांडीवर बोटांनी मोजत बसा, फक्त स्टेशन चुकवू नका.