आरव्ही घेऊन निघताय? नळाचं प्रेशर आधी बघा

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन फिरणार असाल तर एक छोटीशी पितळी वस्तू सोबत असूच द्या, वॉटर प्रेशर रेग्युलेटर. काही कॅम्पग्राउंडला नळाचं प्रेशर एवढं जबरदस्त असतं की गाडीतले प्लास्टिकचे पाईप नाहीतर जॉइंट गळायला लागतात, प्रेशर साधारण 40 ते 60 पीएसआय (दाबाचं माप) एवढं असलेलं बरं. आणि तो गाडीच्या बाजूला नाही, नळाच्या तोंडालाच लावायचा, म्हणजे होजपाईपही वाचतो. होज मात्र पिण्याच्या पाण्याचाच घ्या, बहुतेक पांढरा किंवा निळा असतो, बागेच्या पाईपने चहाला रबराचा वास येतो.

दुसरं म्हणजे ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासच्या टाकीचा व्हॉल्व्ह, सीवर, म्हणजे मैलापाण्याची लाइन, जोडलेली असली तरी बंदच ठेवा बरं का! उघडा राहिला तर पाणी तेवढं वाहून जातं आणि घट्ट मैला तळाला बसतो, मग तो काढणं महाकठीण. टाकी बऱ्यापैकी भरली की आधी ती सोडा, मग ग्रे टँक, म्हणजे सिंक-अंघोळीच्या पाण्याची टाकी, तिच्यातल्या साबणाच्या पाण्याने पाईप आपोआप धुऊन निघतो. हातमोजे वापरून फेकायचेच घ्या.