अर्धा गुडघा बदलताना: आधीची आणि नंतरची तयारी

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की सगळ्यात आधी आपल्या गुडघ्यात नक्की काय बदलणार आहे ते समजून घ्या. गुडघ्याचे तीन कप्पे असतात: आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीमागचा. पार्शल नी रिप्लेसमेंटमध्ये त्यातला झिजलेला तेवढा एकच कप्पा बदलतात, बहुतेकांचा आतल्या बाजूचा. मांडीच्या हाडाच्या टोकाला आणि नडगीच्या माथ्याला धातूचे भाग बसवतात आणि दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकची चकती येते. बाकीचे कप्पे आणि फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध जागच्या जागी राहतात. त्यामुळे नंतर गुडघा आपलाच वाटतो आणि पूर्ण सांधेबदलापेक्षा लवकर सावरतो. पुष्कळ जण त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत घरी येतात. म्हणूनच सगळी तयारी आधी झालेली हवी. घरची सोय नंतर लावू म्हटलं तर तेवढा वेळच मिळत नाही.

डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न सगळ्यात वर लिहा: गुडघा उघडल्यावर दुसरा कप्पाही खराब दिसला तर काय कराल? अशा वेळी पूर्ण सांधा बदलण्याचा निर्णय टेबलावरच घ्यावा लागू शकतो. त्याला तुमची संमती आहे का, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं. भूल उतरल्यावर ही बातमी कळणं फार जड जातं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, काढे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यासुद्धा लिहा. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची आणि संधिवाताची औषधं कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे लेखी घ्या. दुखरा दात असेल तर तो आधी दाखवून घ्या. लघवीची जळजळ, पायावरची जखम, नखाजवळचा पू यांतलं काहीही असेल तर लपवू नका, कारण शरीरात दुसरीकडे असलेला जंतुसंसर्ग नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. गुडघ्यावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक ओरखडेसुद्धा नकोत. धूम्रपान असेल तर जितकं आधी सुटेल तितकी जखम नीट भरते.

याच दिवसांत फिजिओला एकदा भेटून या. कुबड्या किंवा वॉकर घेऊन चालायला, जिना चढायला-उतरायला शस्त्रक्रियेच्या आधीच शिका, दुखत असलं तरी. दुखऱ्या, गुंगीतल्या अवस्थेत नवीन काही डोक्यात शिरत नाही. आधी गिरवलेलं मात्र पाय आपोआप करतात.

घरात एक खुर्ची ठरवून ठेवा: घट्ट बैठकीची, हात असलेली, आणि बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील इतकी उंच. सोफा पहिले काही आठवडे विसरा, त्यातून उठताना नव्या गुडघ्यावर नको तितका जोर येतो. सुटे गालिचे, पायपुसणी, जमिनीवरून गेलेल्या वायरी उचला. संडासाची बैठक बुटकी असेल तर उंच करणारं आसन आणि शेजारी भिंतीला पक्का बसवलेला दांडा हवा. न्हाणीघरात न घसरणारं स्टूल ठेवा. बिछान्यापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा असू द्या. रोजच्या वस्तू कंबर ते खांदा या उंचीत आणून ठेवा. दोन्ही हात कुबड्यांवर असताना पाण्याचा पेला कसा न्यायचा, हा प्रश्न पहिल्याच दुपारी पडतो. त्यासाठी खांद्याला तिरकी अडकवायची पिशवी आणि घट्ट झाकणाची बाटली हवी. आणि पहिले काही दिवस घरात कोणीतरी असायलाच हवं. हे संकोच न करता आधी मागून ठेवा.

घरी आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत मन लावायचं ते दोन गोष्टींवर: सूज उतरवणं आणि गुडघा पूर्ण सरळ ठेवणं. दुखणं असह्य होईपर्यंत थांबू नका, वेदनाशामक गोळ्या सांगितलेल्या वेळेला घ्या. व्यायामाआधी थोडा वेळ घेतल्या तर व्यायाम नीट होतो. तीव्र गोळ्यांनी पोट बांधून येतं, तेव्हा पाणी आणि चोथा असलेलं जेवण वाढवा. बर्फ कापडात गुंडाळून एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून बरेचदा. पाय उंच ठेवताना टाच हृदयापेक्षा वर जाऊ द्या. मात्र उशी फक्त गुडघ्याखाली सरकवून पाय आरामात वाकवून ठेवण्याचा मोह टाळा. त्याने बरं वाटतं हे खरं, पण गुडघा त्याच वाकलेल्या स्थितीत आखडत जातो आणि मग चालताना लंगड राहते. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, गुडघा मोकळा सोडा आणि तो वजनाने खाली जाऊ द्या. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचंही.

बाकीचे व्यायाम साधे आहेत. पाऊल वर-खाली करून पोटरी चालती ठेवायची, मांडीचा पुढचा स्नायू पाच मोजेपर्यंत आवळायचा, टाच बिछान्यावरून ओढत गुडघा वाकवायचा, पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. एकदम तासभर करण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे करा. अंशांचा हिशेबही ठेवावा: सपाट जागी चालायला साधारण 60 ते 70 अंश वाकणं पुरतं, जिन्याला 90 च्या आसपास लागतं, बुटक्या खुर्चीतून उठायला 100 च्या वर. हे माहीत असलं की आज 85 झाले म्हणजे काय झालं ते कळतं.

एक कागद दर्शनी भागात चिकटवा. त्यावर आपत्कालीन नंबर आणि ही लक्षणं लिहा. पोटरी दुखून घट्ट होणं किंवा पायाची सूज अचानक वाढणं, जखमेतून पाणी किंवा पू येणं, भोवतालची लाली पसरत जाणं, ताप: यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं किंवा दम लागला तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा, कारण पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. रक्त पातळ ठेवणारं औषध दिलं असेल तर ते सांगितलेल्या दिवसापर्यंत चुकवू नका.

टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात आणि त्यानंतरचा काळ मला सगळ्यात फसवा वाटतो. दुखणं कमी झालेलं असतं, काठी सुटत आलेली असते, भेटायला येणारे म्हणतात, अरे वा, तुम्ही तर ठणठणीत! माझा उजवा गुडघा झाला तेव्हा तिसऱ्या आठवड्यात मी एका दिवसात बाहेरची कामं उरकली, दोनदा जिना केला, संध्याकाळी फिरूनही आले. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. मिळवलेलं वाकणं गेलं आणि ते परत यायला आठवडा गेला. धातूला काही झालं नव्हतं, पण भोवतालच्या मांसाला भरायला अजून अवधी हवा होता. तेव्हापासून मी एकच मोजपट्टी लावली: आज किती करायचं ते सकाळची सूज ठरवेल. सकाळी गुडघा कालच्याइतकाच असेल तर चालणं पाच मिनिटांनी वाढवायचं. जास्त सुजला असेल तर दोन दिवस मागे यायचं, बर्फ लावायचा, पण वाकवणं आणि सरळ करणं चालू ठेवायचं.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, आणि कठडा सोडायचा नाही. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. बऱ्याच जणांना ती दुखऱ्या बाजूला धरावीशी वाटते, पण त्याने कंबर झुकते आणि गुडघ्यावरचा भार कमी होत नाही. काठीशिवाय लंगडत चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चाललेलं चांगलं. लंगडण्याची सवय लागली की ती मोडताना जीव मेटाकुटीला येतो.

गाडी चालवण्याचा निर्णय तारखेवर सोडू नका. ब्रेकचा पाय झाला असेल तर बहुतेकांना सुमारे 4 ते 6 आठवडे लागतात. गुंगी आणणाऱ्या गोळ्या बंद झालेल्या हव्यात आणि अचानक ब्रेक जोरात दाबता यायला हवा. उभ्या गाडीत बसून तो दाबून पाहा. विमा कंपनीचा काही नियम आहे का तेही विचारून ठेवा. बैठ्या कामावर लोक काही आठवड्यांत परततात, उभं राहण्याच्या किंवा ओझं उचलण्याच्या कामाला दोन-तीन महिने धरून चाला. कामावर गेल्यावर तासाभराने उठायचं आणि टेबलाखाली पाय टेकायला काहीतरी ठेवायचं, एवढं आधी सांगून ठेवा.

पुढच्या महिन्यांत जागेवरची सायकल फार उपयोगी पडते. आसन उंच ठेवा आणि पूर्ण फेरी होत नसेल तर आधी पुढे-मागे झुलवा. पोहणं जखम पूर्ण भरल्यावर. चालणं, सायकल, पोहणं यांना मोकळीक मिळते. धावणं आणि उड्या यांबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला, कारण त्यात चकतीची झीज वाढण्याची भीती असते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो, त्वचेची बारीक मज्जातंतूची फांदी कापली गेल्यामुळे. तो कालांतराने लहान होतो, काहींचा थोडा राहतोही. गुडघ्यात टकटक ऐकू येणं, संध्याकाळी तो कोमट लागणं, हेही काही महिने चालतं. गुडघे टेकून बसल्याने सहसा इजा होत नाही, पण विचित्र वाटतं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी बिछान्यावर, मग जाड उशीवर, मग जमिनीवर घडी घातलेल्या चादरीवर असा सराव करा, आणि पहिल्यांदा करताना हाताशी भक्कम खुर्ची ठेवा.