चकली बिघडली तर काय करायचं ते फुकट सांगा, भाजणी आपोआप खपते

माझा डोंबिवलीत घरगुती भाजणीचा धंदा आहे, चकलीची, थालीपिठाची आणि उपासाची. पहिली दोन वर्षं मी पेपरात पत्रकं घालून वाटली, फोन यायचे पण सगळे एकच विचारायचे, "कशी किलो दिली?" आणि भाव ऐकला की "बरं, सांगते" म्हणून फोन बंद. मग १०० ग्रॅमच्या पुड्या फुकट वाटून बघितल्या, तेवढ्यात चार चकल्या होतात, कोण सोऱ्या काढणार त्याच्यासाठी? बायकांनी त्याची थालीपिठं लावली आणि विसरून गेल्या. माल गेला, मेहनत गेली.

पण ज्या घेऊन गेल्या होत्या त्यांचे फोन यायचे ते वेगळेच, ऐन तळणाच्या वेळी, "अहो ताई, चकली तेलात विरघळतेय, काय करू?" मी हातातलं काम टाकून सांगायचे. एकदा एकीने नणंदेला नंबर दिला, नणंदेने माझ्याकडून भाजणी घेतलेलीच नव्हती तरी मी तिला सगळं सांगितलं, आणि पुढच्या दिवाळीला तिची ३ किलोची ऑर्डर आली. तेव्हा कळलं की फुकट द्यायचं ते हे, माल नाही. लोक आपल्याला फोन करून जे विचारतात ते नीट लिहून काढायचं आणि मागेल त्याला द्यायचं.

म्हणून सगळ्यात आधी एक वही करा. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दात लिहा. माझ्या वहीत "मोहन (पिठात घालायचं गरम तेल) किती" पेक्षा "चकली हसते का", म्हणजे तेलात सुटून का पसरते, हे जास्त वेळा आलं होतं, म्हणून पानावर पण तेच शब्द ठेवले.

पान एकच करायचं. माझ्या पानावर आहे ते असं, की चकली तेलात सुटली किंवा हसली तर मोहन जास्त झालंय, त्याच पिठात थोडी कोरडी भाजणी घालून परत मळा. पाडताना तुकडे पडत असतील तर पीठ घट्ट आहे नाहीतर मळणं कमी पडलंय, पाण्याचा हात लावून चांगलं मळून घ्या. काटे येत नसतील तर पीठ सैल आहे. दुसऱ्या दिवशी मऊ पडली तर तेल फार तापलं होतं, बाहेरून लाल झाली आणि आत ओली राहिली, मध्यम आचेवर तळा आणि तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले की मगच काढा. आणि एकदम सगळी भाजणी भिजवू नका, आधी एक चकली तळून बघा मग बाकीच्या पाडा.

त्याच पानावर मी भाजणीचं प्रमाणसुद्धा दिलंय, ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, पाव वाटी धणे, २ चमचे जिरे. घरच्यांनी खूप समजावलं की अगं हेच सांगितलंस तर तुझ्याकडे कोण येईल. पण ते प्रमाण वाचलेली बाई पुढची ओळ पण वाचते ना, तांदूळ डाळी धुऊन सावलीत वाळवा, प्रत्येक जिन्नस वेगळा मंद आचेवर भाजा, गार करा, मग गिरणीतून दळून आणा. ८:१२ ची लोकल पकडणाऱ्या बाईला तिथेच कळतं की हे आपल्याच्याने होणार नाही, आणि फोन नंबर त्याच पानावर असतो. ज्या खरंच घरी करतात त्या तशाही माझ्याकडून घेणार नव्हत्या, त्यांची चकली चांगली होऊ दे की, त्याच चार जणींना माझं नाव सांगतात.

पान करायला कॅनव्हाचं फुकट ॲप पुरतं, फोनवरच होतं. मराठीसाठी मुक्ता (Mukta) किंवा बालू (Baloo) नावाचा फॉन्ट घ्या, अक्षर मोठं ठेवा कारण वाचणारीचे हात पिठाचे असतात आणि फोन लांब ठेवलेला असतो. पीडीएफ करू नका, ती डाउनलोड करा मग उघडा, तेवढ्यात तेल तापतं. सरळ उभा फोटो ठेवा आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी निवडा नाहीतर अक्षरं पुसट होतात. आपलं नाव आणि नंबर फक्त खाली टाकू नका, माझं पान एकाने खालची पट्टी कापून स्वतःच्या नावाने फिरवलं होतं, तेव्हापासून नाव मजकुराच्या मधे फिकट रंगात असतं. खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर पण टाका, अनोळखी माणसाला त्याने धीर येतो.

आता हे पान पोचवायचं कसं. व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे, शक्यतो वेगळ्या नंबरवर. त्यात क्विक रिप्लाय असतो, तिथे पान एकदा घालून ठेवलं की स्लॅश दाबून एक शब्द टाइप केला की जातं. मी सगळीकडे एवढंच लिहिते, "चकली असं लिहून पाठवा, पान पाठवते." जी मागते तिचं नाव सेव्ह करायचं, तिला "पान घेतलं" असं लेबल लावायचं, ऑर्डर आली की लेबल बदलायचं. कॅटलॉगमध्ये किंमत उघड लिहा, "किंमत इनबॉक्स" नको, लोकांना संकोच वाटतो विचारायला.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांना न विचारता एका ग्रुपमध्ये टाकलं होतं, निम्म्या बाहेर पडल्या, एक शेजारीण तर बरेच दिवस बोलली नाही. आता ब्रॉडकास्ट लिस्ट वापरते, त्यात ग्रुप न करता प्रत्येकीला मेसेज वेगळा जातो, एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, आणि मेसेज त्यांनाच पोचतो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो. म्हणून पान पाठवतानाच सांगते, नंबर सेव्ह करून ठेवा, दिवाळीआधी भाजणी ताजी दळली की एक मेसेज करीन. एक म्हणजे एकच, रोज सुप्रभात पाठवायचं नाही.

गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलवर शोधलं की दिसणारी आपल्या धंद्याची नोंद, पण फुकट आहे आणि घरून धंदा असला तरी करता येतं, पत्ता लपवून फक्त कुठे कुठे माल देता ते भाग टाकायचे, २० पर्यंत टाकता येतात. पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, मी डबे, वजनकाटा, पॅकिंगचं टेबल दाखवलं. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, गुगलच्या नियमात ते बसत नाही, आणि मागून मिळालेलं कौतुक वाचणाऱ्याला कळतंच.

सगळ्यात जास्त गिऱ्हाईक मात्र मला गिरणीतून मिळालं. गिरणीवाल्या काकांना विचारून पान भिंतीला लावलं, व्हॉट्सॲप बिझनेसमधूनच क्यूआर कोड मिळतो तो खाली छापला. दळण होईपर्यंत बाई तिथे उभीच असते, वाचायला वेळ असतो. झेरॉक्सचे काय ते चार पैसे. तुमच्या धंद्याची अशी थांबायची जागा कुठली ते शोधा. ब्लाउज शिवणारीने मापं कशी घ्यायची, कापड किती लागतं याचं पान साडीच्या दुकानात ठेवावं, एसी दुरुस्त करणाऱ्याने फिल्टर घरी कसा धुवायचा ते सोसायटीच्या लिफ्टजवळ लावावं, सेक्रेटरीला विचारून.

वेळ चुकली तर सगळं वाया जातं. चकलीचं पान मी नवरात्रात काढते, धनत्रयोदशीला नाही, तोपर्यंत भाजणी घरात आलेली असते. गणपतीच्या आधी उकडीच्या मोदकाची पारी का फाटते, संक्रांतीच्या आधी गूळपोळी का फुटते, ही पानं पण आहेत, आणि मी मोदक विकत नाही, गूळपोळी पण नाही, तरी नंबर सेव्ह होतो.

पान परदेशात पण जातं, कुणाची बहीण, कुणाची सून, तिकडून प्रश्न येतात, त्यांना मी माल पाठवू शकत नाही. तरी उत्तर द्या. डोंबिवलीत राहणारी तिची आई किंवा सासू असतेच.

भाऊबीज झाली की पान घेतलेल्या सगळ्यांना एकच विचारते, चकली कशी झाली आणि काय अडलं. मागच्या वेळी तिघींनी विचारलं की एअर फ्रायरमध्ये का कोरडी होते, ते अजून नीट जमलेलं नाही, आठवडाभर करून बघतेय, जमलं की पानावर येईल.