दारूमागचे बालपण कसे ओळखावे आणि उपचार कसे मागावेत

लहानपणी ज्या मुलीला सतत घालूनपाडून बोलले गेले, "तू जन्मलीस आणि घराचे वाटोळे झाले" असे ऐकवले गेले किंवा क्षुल्लक चुकीसाठी दिवसचे दिवस अबोला धरला गेला, तिच्या अंगावर वळ दिसत नाहीत. त्यामुळे मोठेपणी दारूचा त्रास सुरू झाला की त्याचा संबंध त्या काळाशी जोडण्याचे कोणालाच सुचत नाही. फेलिटी, अँडा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भावनिक छळासारखे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव बालपणी आलेल्यांमध्ये मद्यासक्तीचा धोका अनेक पटींनी जास्त आढळला. अर्थात, असे बालपण गेलेली प्रत्येक स्त्री व्यसनाधीन होते असे मुळीच नाही.

सुरुवात नोंदीपासून करावी. पिण्याची ओढ कधी लागली, त्याआधी कोण काय बोलले आणि मनात भीती, शरम की राग होता, हे काही दिवस लिहावे. मद्य ही घालमेल थोडा वेळ शमवते, पण अंमल उतरताच अस्वस्थता वाढते आणि पुन्हा पेला हवासा वाटतो. प्रमाणही प्रामाणिकपणे लिहावे. वायनरींच्या या नाशिकमध्ये वाइनकडे सौम्य पेय म्हणून पाहिले जात असले, तरी १०० मिली वाइनमध्ये ३० मिली व्हिस्कीइतकेच, म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्याचा परिणामही अधिक होतो.

रोज पिणाऱ्या स्त्रीने मनानेच एकदम दारू बंद करू नये. हात थरथरणे, घाम येणे यापासून फिट येण्यापर्यंत आणि भ्रम होण्यापर्यंत त्रास वाढू शकतो, प्रसंगी जिवावर बेततो. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन पिणे आणि बालपण, दोन्ही सांगावे. पंचवटीत किंवा सिडकोत ओळखीचे कोणी पाहील ही भीती मी समजू शकते. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि मद्याच्या गैरवापराशी संबंधित मनोविकारही त्यात येतात. घराबाहेर पडणे अवघड असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

समुपदेशनात जुन्या आठवणी पहिल्याच भेटीत उकराव्या लागत नाहीत. झोप, सुरक्षितता आणि पिण्यावरचा ताबा आधी सावरता येतो. घरच्यांनी "आईवडिलांना माफ कर" असा आग्रह धरू नये आणि ती पुन्हा प्यायली तर तेच जुने टोमणे मारण्याऐवजी पुढच्या भेटीला तिच्यासोबत जावे.