पाच वादक, दोन ट्रॅक: ब्लूग्रास थेट कसं रेकॉर्ड करावं

‘ओल्ड अँड इन द वे’ हा ब्लूग्रासचा, म्हणजे तारवाद्यांवरच्या अमेरिकन लोकसंगीताचा गट १९७३-७४ मध्ये जेमतेम वर्षभर टिकला. ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन रॉक बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया इथे बँजो वाजवायचा. सोबत डेव्हिड ग्रिसमनचं मॅन्डोलिन, पीटर रोवनची गिटार, व्हॅसर क्लेमेंट्सचं फिडल आणि जॉन कानचा उभा बेस. ऑक्टोबर १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बोर्डिंग हाऊसमध्ये आठ माईक, प्रत्येक बाजूला चार, थेट नाग्रा टेप रेकॉर्डरवर, स्टिरिओत म्हणजे डाव्या-उजव्या दोन ट्रॅकवर मिसळले गेले आणि १९७५ मध्ये त्याचा अल्बम आला. नंतर मिक्सिंगला वावच नव्हता. तसं थेट रेकॉर्डिंग करायचं असेल तर तोल खोलीतच साधावा लागतो.

पंखा, फ्रिज बंद. खाली सतरंजी, भिंतीला गोधड्या. वादक अर्धवर्तुळात, दोघांत दीड मीटर अंतर, बेस मधोमध मागे. हेडफोन नको, एकमेकांचं ऐकूनच वाजवायचं.

पाच माईक वाद्यांना, तीन गळ्यांना. गिटारचा माईक मान आणि पेटी जुळतात तिथे, २० ते २५ सेंमीवर. भोकासमोर धरला तर नुसता घुमारा येतो. फिडलला वरून, ४० ते ५० सेंमीवर. त्याहून जवळ गेलात की गजाची खरखर सुरांवर बसते. मॅन्डोलिनला २० सेंमी, बेसला ब्रिजच्या (तारा टेकतात त्या घोडीच्या) जरा खाली तेवढंच. बँजो सगळ्यांत कर्कश, म्हणून ३० सेंमी आणि रोख कातड्याच्या कडेकडे. (आपल्या मिरवणुकीतला बटणांचा बँजो वेगळा, हा पाच तारांचा.)

माईक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट तरी दुसरा माईक त्याच्यापासून दूर हवा. नाहीतर एकच आवाज दोन माईकमध्ये मागेपुढे पोहोचतो आणि नळीतून आल्यासारखा पोकळ लागतो. मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून ऐकलं की ही चूक लगेच पकडता येते. बेस दोन्ही बाजूंना सारखाच ठेवा.

रेकॉर्डर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. सगळ्यांत जोरकस गाणं वाजवून घ्या आणि आवाजाचं शिखर मीटरवर उणे १० डेसिबलच्या वर जाणार नाही असा गेन (माईकचा आवाज वाढवणारं बटण) लावा. मग एक गाणं रेकॉर्ड करून सगळ्यांनी मिळून ऐका. कोणी जास्त वाटला तर फेडरला (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकपट्टीला) हात लावू नका, त्यालाच वीतभर मागे सरकवा. सोलोच्या वेळी वादकाने अर्धं पाऊल पुढे यायचं, बाकीच्यांनी हात हलका करायचा. मॅन्डोलिनचा दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा तुटक ठोका मात्र दबू देऊ नका; ड्रम नसल्यामुळे लय त्याच्यावरच उभी असते.

सगळ्यांत जास्त टेक वाया जातात ते बँजोच्या पाचव्या तारेमुळे. ती पाचव्या फ्रेटपासून (मानेवरच्या आडव्या पट्टीपासून) सुरू होते, त्यामुळे कापोत, म्हणजे सूर चढवायला मानेवर लावायच्या चिमट्यात, येत नाही. दुसऱ्या फ्रेटवर कापो लावलात तर ती सातव्या फ्रेटवरच्या छोट्या खिळ्याखाली अडकवा आणि सूर पुन्हा तपासा. हे विसरलं की जी सूर ए स्वरातल्या गाण्यात सतत टोचत राहतो.

चूक झाली तरी गाणं मध्येच थांबवू नका. प्रत्येक गाण्याचे तीन टेक पुरेत. शेवटच्या सुरानंतर बेसची तार पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही, रेकॉर्डर चालूच ठेवायचा.