एचआरमध्ये नवीन आहात? आधी मुलाखतीचे गुण जपून ठेवा

नागपूरजवळ बुटीबोरी, हिंगणा किंवा मिहानमधल्या कंपनीत एचआरला लागलात की लवकरच मुलाखतीला बसवतात. तिथे ‘माणूस बघताच ओळखतो मी’ म्हणणारे एखादे साहेब भेटतातच. त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारा आणि प्रत्येक उत्तराला लगेच गुण द्या. पॉल सॅकेट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली जुनं संशोधन नव्याने तपासलं, तेव्हा अशा ठरीव मुलाखतीचा पुढच्या कामाशी संबंध 0.42 निघाला, गप्पांच्या मुलाखतीचा 0.19. (1 म्हणजे अचूक अंदाज. म्हणजे 0.42 देखील फार नाही!)

वेल्डर घ्यायचा तर बोलण्यापेक्षा ट्रेड टेस्ट, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवणं, बरी. आणि कामठीहून येणाऱ्या पोराला कंपनीची बस कुठून सुटते ते आधीच सांगा. कोण टिकणार नाही ते बरंचसं तिथेच कळतं.

खरं काम नंतरचं, जे सहसा कोणी करत नाही. सहा महिन्यांनी मुलाखतीचे ते गुण काढा आणि रिजेक्शन (तपासणीत बाद झालेला माल), खाडे, नोकरी सोडणं यांच्याशी ताडून बघा. ज्यांनी निवडलं त्यांच्याकडूनच कामाचा शेरा घेऊ नका, आपली निवड कोण वाईट म्हणेल? शिवाय नाकारलेली पोरं या हिशेबात नसतातच. फक्त वरच्या गुणांचेच उरल्यामुळे चांगली पद्धतही कागदावर फिकी दिसते, तेव्हा घाईने मोडीत काढू नका.

इन्सेंटिव्हचंही तसंच. नगावर पैसे लावले की नग वाढतात, पण रिजेक्शन वाढलं का तेही बघायचं. हजेरी भत्ता ‘महिनाभर एकही खाडा नाही’ या अटीवर असेल, तर पाच तारखेला आजारी पडलेल्याला उरलेला महिना यायचं काही कारणच उरत नाही. आठवड्याचे टप्पे पाडा. दिवाळीचा बोनस यात धरू नका. कायद्यात बसणाऱ्यांना किमान 8.33 टक्के द्यावाच लागतो, आणि कामगार तो हक्काचाच मानतात.

नवी योजना आधी एकाच लाइनवर लावा, दुसरी तशीच ठेवा. मागच्या तीन महिन्यांचे आकडे मात्र योजना जाहीर करण्याआधीच काढून घ्या, नंतर प्रॉडक्शनवाले देत नाहीत.