साईट फिरवण्याआधी ओळंबा लावा

तीस वर्षं मी फिटरचं काम केलं. वर्कशॉपमध्ये नवा पोरगा आला की त्याच्या हातात आधी पान्हा दिला नाही, गुण्या दिला. आधी बघ, मग पिळ. पन्नाशीनंतर लेकीच्या नादाने रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य हातात घेतलं आणि स्वतःचाच नियम विसरलो. साईट, म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं साधन, लावली, पहिला बाण डावीकडे गेला, स्क्रू पिळला. दुसरा खाली गेला, दुसरा स्क्रू पिळला. तासाभरात साईट चुकतेय, धनुष्य चुकतंय की मीच, काही कळेना. त्यानंतर एक क्रम बसवला, तोच इथे लिहितोय. मी उजव्या हाताने दोरी ओढतो. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

साईट सगळ्यात शेवटी. ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीचं अंतर), टिलर (वरच्या आणि खालच्या लिंबापासून दोरीच्या अंतरातला फरक), नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा), प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारं स्प्रिंगचं बटण) हे सगळं आधी ठरलेलं हवं, कारण यातलं काहीही हललं की साईटचे आकडे बदलतात. लिंब्स, म्हणजे धनुष्याचे वरचा आणि खालचा वाकणारे भाग, सरळ आहेत का तेही बघा. धनुष्य स्टँडवर उभं करून मागून एका डोळ्याने पाहिलं तर दोरी वरच्या आणि खालच्या लिंबाच्या बरोबर मधून गेली पाहिजे. जात नसेल तर त्या दिवशी साईटला हात लावू नका.

साईटचे भाग थोडेच. रायझरला (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाला) दोन स्क्रूंनी बसणारा ब्लॉक, त्यातून पुढे जाणारं एक्स्टेन्शन, त्याच्या टोकाला उभी पट्टी, पट्टीवर वरखाली सरकणारा ठोकळा आणि त्यात पिन. पिन म्हणजे बहुतेक वेळा एक रिंग, मधे ठिपका असलेली किंवा मोकळी. वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे रिकर्व्हच्या साईटला नेम धरायचा बिंदू एकच, भिंग चालत नाही, आणि पिनची नळी नजरेच्या रेषेत 2 सेंटीमीटरपेक्षा लांब चालत नाही. मला मोकळी रिंग बरी वाटते. ठिपका असला की मन त्याला टार्गेटच्या मधल्या पिवळ्याच्या मधोमध बसवायच्या मागे लागतं आणि तोवर खांदा दमून जातो.

एक्स्टेन्शन किती पुढे ठेवायचं? पिन डोळ्यापासून जितकी लांब, तितका साईटचा बदल बारीक करता येतो. पण हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते, नवख्याला तर फार. आणि धनुष्य हलकं, म्हणजे ओढायला कमी जोराचं, असेल तर आणखी एक अडचण आहे. लांबच्या अंतराला पिन खूप खाली येते आणि बाणाच्या वाटेत उभी राहते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. हलक्या लिंब्सवर 70 मीटरचा हट्ट केला, बाण सुटताना 'टक्' असा आवाज आला, बाण भलतीकडे आणि रिंग गवतात. म्हणून पिसांवर ओरखडे दिसले किंवा सुटताना असा आवाज आला, तर एक्स्टेन्शन आत घ्या. तरीही जागा होत नसेल तर ते अंतर अजून तुमच्या धनुष्याचं नाही.

आता खरं काम. उभी पट्टी दोरीला समांतर हवी. साईट बसवणारे दहातले नऊ जण हे तपासत नाहीत, मीही तपासत नव्हतो. धनुष्य स्टँडमध्ये उभं ठेवा, मागे उभे राहा, एक डोळा मिटा आणि दोरी दोन्ही लिंब्सच्या मधोमध आणा. पिन पट्टीच्या वरच्या टोकाला न्या आणि बाजूचा स्क्रू, म्हणजे विंडेज, फिरवून पिन दोरीच्या बरोबर मागे लपवा. आता विंडेजला हात न लावता ठोकळा पट्टीच्या तळाशी आणा. पिन अजून दोरीमागेच असेल तर पट्टी सरळ. बाजूला डोकावली तर पट्टी कललेली आहे.

कललेली म्हणजे किती, आणि त्याने काय बिघडतं, याचा हिशोब मी कागदावर मांडला होता. माझ्या डोळ्यापासून पिन साधारण 90 सेंटीमीटरवर असते. 70 मीटर भागिले 0.9, म्हणजे सुमारे 78. पिन 1 मिलिमीटर सरकली की 70 मीटरवर बाण जवळजवळ 8 सेंटीमीटर सरकतो. 122 सेंटीमीटरच्या टार्गेटवर एका रिंगची रुंदी 6.1 सेंटीमीटर असते, म्हणजे एका मिलिमीटरला एका रिंगपेक्षा जास्त. 18 मीटरवर तोच मिलिमीटर फक्त 2 सेंटीमीटर. 18 पासून 70 पर्यंत माझी पिन 60 मिलिमीटर खाली येते. पट्टी एकच अंश कललेली असेल तर या प्रवासात पिन 1 मिलिमीटर बाजूला जाते. जवळ सगळं ठीक वाटतं, लांब गेलं की बाण 8 सेंटीमीटर एका बाजूला, आणि आपण वाऱ्याला दोष देत बसतो.

काही साईटमध्ये पट्टी सरळ करायला स्क्रू दिलेला असतो. नसेल तर ब्लॉक आणि रायझर यांच्यामध्ये, वरच्या किंवा खालच्या कडेला, पत्र्याच्या पातळ पट्टीचं पॅकिंग द्या. कागद देऊ नका, तो दबतो आणि ओलावा धरतो.

स्टँडवरची ही तपासणी अर्धीच. धनुष्य सरळ आहे हे कळलं, तुम्ही ते सरळ धरता का ते कळलं नाही. त्यासाठी वारा नसलेल्या दिवशी टार्गेटच्या गादीवर ओळंबा सोडा आणि दोऱ्याच्या रेषेवर चिकटपट्टी उभी चिकटवा. 18, 30, 50 अशा अंतरांवरून त्या चिकटपट्टीवर बाण मारा. प्रत्येक अंतराला वरखालचा आकडा बदला, विंडेज मात्र तसंच ठेवा. जवळचे बाण चिकटपट्टीवर आणि लांबचे ठरावीकपणे डावीकडे जात असतील तर दोनपैकी एक: साईटच्या पट्टीचं खालचं टोक उजवीकडे कललंय, किंवा धनुष्य तुमच्या हातात तिरकं राहतंय. कुणाला तरी मागून बघायला सांगा. हात सरळ असेल तर साईटच्या पट्टीचं खालचं टोक डावीकडे घ्या, बाण गेले त्याच बाजूला. दोन्ही सरळ असूनही बाण सरकतच असतील तर प्रश्न प्लंजरचा, म्हणजे बाण रेस्टवर (बाण टेकतो त्या आधारावर) किती बाहेर बसलाय त्याचा आहे. साईटने तो सुटत नाही.

पहिले बाण 10 मीटरवरून, मोठ्या गादीवर, कागद न लावता मारा. मधे बोटाएवढा ठिपका पुरे. पिन सुरुवातीला पट्टीच्या वरच्या भागात आणि दोरीच्या रेषेत ठेवा. नियम एकच लक्षात ठेवायचा: पिन बाणाच्या मागे जाते. बाण डावीकडे पडले तर पिन डावीकडे, खाली पडले तर पिन खाली. पहिल्यांदा हे उलटं वाटतं. बाण खाली पडले तर पिन वर घ्यावी असं हात म्हणतो. पण पिन खाली घेतली की तीच पिवळ्यावर आणायला धनुष्य वर उचलावं लागतं, म्हणून बाण वर जातो.

एका बाणावर स्क्रू फिरवू नका. सहा बाण मारा, वाईट सुटलेला सोडून द्या (तो कोणता ते सुटतानाच कळलेलं असतं, टार्गेटजवळ जाऊन ठरवायचं नाही), उरलेल्यांच्या मधला बिंदू धरा आणि पिन तितकीच सरकवा. सगळे बाण विखुरलेले असतील तर साईटला सांगण्यासारखं अजून काही नाही. ग्रुप जमेपर्यंत स्क्रू बंद.

विंडेज जमल्यावर मागून एकदा पिनची जागा बघा. दोरी लिंब्सच्या मधे धरली की पिन बाणाच्या जवळपास वर दिसली पाहिजे. बाणाच्या जाडीपेक्षा जास्त बाहेर गेली असेल तर तुम्ही साईटने बाणाची चूक झाकताय. स्पाइन (बाणाचा ताठपणा) आणि प्लंजरकडे परत जा.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. प्रत्येक स्क्रूत थोडी ढिलाई असते. वरून खाली येऊन 45 वर थांबलात आणि खालून वर येऊन 45 वर थांबलात, तर पिन एकाच जागी नसते. म्हणून आकडा नेहमी एकाच बाजूने गाठा. मी खालून वर येतो. पुढे गेलो तर पूर्ण खाली जाऊन पुन्हा वर. स्क्रूच्या क्लिकवरही आंधळा विश्वास नको. दहा क्लिक फिरवून ठोकळा किती सरकला ते व्हर्नियरने मोजा आणि वहीत लिहून ठेवा, साईटप्रमाणे तो आकडा बदलतो.

अंतरांचे आकडे लिहिताना एक गंमत दिसेल. माझ्या धनुष्यावर 18 ते 30 ला 12 मिलिमीटर, 30 ते 50 ला 23, 50 ते 70 ला 25. म्हणजे 60 मीटरचा आकडा 50 आणि 70 च्या जवळपास मधोमध सापडतो, तिथून सुरुवात करायची. पण जवळच्या अंतराला हा हिशोब मोडतो. साधारण 10 मीटरला पिन सर्वात वर असते. त्याहून जवळ, 5 मीटरवर, ती पुन्हा खाली आणावी लागते. कारण बाण डोळ्याच्या खालून, हनुवटीपासून निघतो आणि इतक्या थोड्या अंतरात त्याला नजरेच्या रेषेपर्यंत वर यायचं असतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा साईट खराब झाली म्हणून मी ती उघडून बसलो होतो.

पट्टीवर अंतराच्या खुणांची साधी चिकटपट्टी लावायला नियमांची हरकत नाही. मी खुणा पट्टीवर करतो आणि आकडे वहीत. वहीत आकड्याशेजारी ब्रेस हाइट, एक्स्टेन्शनचं कितवं भोक आणि कोणते बाण, हेही असतं. नुसता आकडा महिन्याभराने काहीच सांगत नाही. एक्स्टेन्शन एक भोक आत घेतलं तरी जुने सगळे आकडे बाद.

आणि हनुवटी. माझे बाण एक आठवडाभर वर जात होते आणि मी रोज पिन वर चढवत होतो. लेक मागे उभी होती. म्हणाली, "बाबा, स्क्रूला काय शिव्या देताय, हात बघा कुठे टेकतोय." हात हनुवटीला घट्ट न टेकता किंचित खाली राहत होता. बाणाचं मागचं टोक 1 मिलिमीटर खाली गेलं की 70 मीटरवर बाण 10 सेंटीमीटरच्या आसपास वर जातो. साईटला हे दिसत नाही. त्यामुळे आता नेहमीच्या आकड्यापासून बाण हलले की पहिला एंड (बाणांची एक फेरी) मी काहीही न फिरवता पुन्हा मारतो: हनुवटी बघून, दोरीची धूसर सावली रिंगच्या उजव्या कडेशी नेहमीच्या जागी आहे का ते बघून. बहुतेक वेळा बाण आपोआप परत येतात.

न येता लांबच राहिले तर स्क्रू बघायचे. प्रत्येक बाणाचा हादरा साईटमधून जातो आणि स्क्रू हळूहळू सुटतात, आधी पिनचा आणि मग ब्लॉकचे दोन. लेकीकडून नेलपॉलिश मागून घेतलंय. घट्ट केलेल्या स्क्रूच्या डोक्यावरून ब्लॉकपर्यंत एक बारीक रेघ ओढून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय.